लाकडाचा सांधा आणि उष्णतेची मात्रा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून मुलामुलींचे शिक्षण, लग्नकार्यातील खर्चाला आळा, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर व्याख्याने होतात. ती व्हावयासच हवीत. परंतु यंदा आपल्या चिटणीसांनी असा आग्रह धरला की, ज्या कामावरून आपल्या समाजाला नाव मिळाले त्या सुतारकामाविषयीही एखादे व्याख्यान व्हावे. आणि ही कामगिरी त्यांनी माझ्यासारख्या शाळामास्तरावर सोपविली. रंधा माझ्या वडिलांच्या हाती होता, माझ्या हाती खडू आला. तेव्हा सांधा कसा बसवावा हे मी आपणांस सांगू लागणे म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखविण्यासारखे होईल. तथापि उष्णतेने पदार्थावर काय परिणाम होतात, हा धडा मी पुष्कळ वर्षे वर्गात शिकविला आहे, आणि आज आपल्या तरुण कारागिरांना नेमक्या त्याच धड्याची गरज पडली आहे असे मला दिसते. त्या एका धड्यापुरतेच मी बोलणार आहे.

गेल्या काही वर्षांत इपॉक्सी नावाचे चिकटद्रव्य आपल्या लहानलहान कारखान्यांतही येऊन पोहोचले आहे. दोन डब्यांतील अथवा दोन नळ्यांतील द्रव्ये एकत्र कालवून ते तयार होते. ते पाण्याला दाद देत नाही, बारीकशी फटही भरून काढते आणि नीट पक्के झाले म्हणजे सांध्याआधी लाकूड तुटेल इतके घट्ट धरते. त्याचा एकच त्रास कारागिराला जाचतो, तो म्हणजे थांबण्याचा. थंडीच्या दिवसांत ते रात्र उलटली तरी ओले राहते, आणि मग ते लवकर पक्के व्हावे म्हणून उष्णता देण्याचा मोह होतो. हा मोह मुळात चुकीचा नाही. उष्णता दिल्याने इपॉक्सी लवकर आणि अधिक चांगली पक्की होते, हे शास्त्राला धरून आहे. मात्र उष्णता किती, कोठे आणि केव्हा द्यावयाची, हे न कळल्यास तीच उष्णता काम बिघडविते.

आमच्या नात्यातील एका होतकरू तरुणाची हकीकत सांगतो. त्याला एका खाणावळीच्या बारा खुर्च्यांचे काम मिळाले. दिवस पौषातले, मुदत चार दिवसांची. सांधे सकाळपर्यंत ओलेच राहतात असे पाहून त्याने दोन उपाय योजले. हार्डनर प्रमाणापेक्षा थोडा अधिक घातला आणि प्रत्येक सांध्यावर गरम हवेच्या यंत्राचा झोत धरला. सांध्याबाहेर आलेला गोंद काचेसारखा कडक झाला, खुर्च्या वेळेवर पोहोचल्या आणि पैसेही मिळाले. परंतु वैशाखाचे ऊन तापू लागले तसे एकामागून एक सांधे ढिले झाले. बाराही खुर्च्या परत आल्या आणि त्याने त्या स्वखर्चाने पुन्हा केल्या. पैशाचे नुकसान तो भरून काढील. पण त्या गावात "याचे काम कच्चे" हा जो शब्द पडला, तो कसा भरून काढावयाचा? बंधूंनो, गिऱ्हाईक गोंदाला कधी दोष देत नाही, ते सुतारालाच देते. म्हणूनच या विषयाला मी महत्त्व देतो.

उष्णता आपल्याला परकी नाही

उष्णतेचा उपयोग करण्यात आपले वाडवडील निष्णात होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचा प्रसंग वयस्कर मंडळींनी डोळ्यांनी पाहिला असेल. चाकाच्या घेरापेक्षा धाव किंचित लहान ठेवीत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापविली की प्रसरण पावे. मग तशीच चाकावर बसवून वरून पाणी ओतीत. निवताना ती आकसे आणि तुंबा, आरे, पुठ्ठे असे सारे सांधे आवळून धरी. धाव किती लहान ठेवावी हे मोजून ठरत असे. प्रमाणाबाहेर लहान ठेवली तर चाकच पिचे, आणि पुरेशी लहान नसली तर ती महिन्याभरात खुळखुळू लागे. म्हणजे जाळ मोठा असला तरी हिशेब बारीक असे.

दुसरे उदाहरण सरसाचे. जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला हा गोंद आपल्या नेटावर पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. त्याचे खडे रात्रभर गार पाण्यात भिजवीत. सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून त्यात ते मंद आचेवर विरघळवीत. सरसाचे भांडे थेट जाळावर कधीही ठेवीत नसत. आज आपण तापमापकाने पाहिले तर ती ऊब सुमारे ६० अंश सेल्सिअस भरेल. सरस उकळला की त्याची चिकाटी जाते, हे रसायनशास्त्र न शिकताही त्यांना ठाऊक होते. लावण्यापूर्वी लाकूडही किंचित शेकून घेत. कारण थंड लाकडाचा स्पर्श होताच सरस गोठतो आणि तंतूंत शिरत नाही.

याहून मागे जावयाचे तर सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कच्ची कवठे, टेंभुर्णीची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादी वस्तू पाण्यात उकळून अष्टमांश काढा उरवावा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस वगैरे मिसळावे आणि तो लेप तापवून लावावा असे तेथे सांगितले आहे. गाई-म्हशींची शिंगे व कातडे यांपासून करावयाचा एक लेपही त्यात आहे. म्हणजे तो आपल्या सरसाचाच पूर्वज म्हणावयाचा. चिकटद्रव्य आणि उष्णता यांचे नाते या देशात किती जुने आहे हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

निवणे, सुकणे आणि पिकणे

मग जुन्या अनुभवावर नवे काम का चालत नाही? कारण आज आपल्या हाताशी तीन निरनिराळ्या स्वभावांची चिकटद्रव्ये आहेत आणि तिघांचे उष्णतेशी नाते निरनिराळे आहे. एका वाक्यात सांगावयाचे तर सरस निवतो, फेविकॉल सुकतो आणि इपॉक्सी पिकते. आजच्या व्याख्यानातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे वाक्य घरी घेऊन जावे अशी माझी विनंती आहे.

सरस गरम असताना पातळ असतो आणि निवताना धरतो. त्यामुळे सांधा जुळवेपर्यंतच त्याला उष्णता हवी, नंतर नको. १९५९ साली बाजारात आलेल्या फेविकॉलने सरसाची जागा घेतली. या पांढऱ्या गोंदातील पाणी लाकडात शोषले जाते व हवेत उडून जाते आणि मागे उरलेले द्रव्य सांधा धरते. त्याला कोरडी हवा मानवते. इपॉक्सीची गोष्ट या दोहोंहून वेगळी. तिच्यातून काही उडून जात नाही आणि ती निवल्याने गोठत नाही. राळ, जिला बाजारात रेझिन म्हणतात, आणि हार्डनर या दोघांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचे एक अखंड जाळे बनते. हे जाळे विणले जाण्यास ऊब लागते. अढीत घातलेला आंबा जसा पेंढ्याच्या उबेने आतून पिकतो, तशीच इपॉक्सी पिकते. आंबा जाळावर धरला तर पिकत नाही, करपतो. आणि गारठ्यात ठेवला तर आंबट राहतो. इपॉक्सीला अढी हवी, जाळ नको.

या द्रव्याचा इतिहास फार जुना नाही. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्टान आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांत इपॉक्सी राळेवर स्वतंत्रपणे काम केले. १९४६ साली बाझल येथील औद्योगिक प्रदर्शनात सीबा कंपनीने 'अराल्डाइट' या नावाने ती लोकांपुढे मांडली. पुढे अमेरिकेतील मिशिगन राज्यात बे सिटी या गावच्या गूजन बंधूंनी ती लाकडी नावांसाठी वापरली. १९७० साली त्यांनी पाण्यात सोडलेली 'अडाजिओ' ही तीन पाठींची शिडाची नाव मुख्यतः इपॉक्सीच्या सांध्यांवर उभी होती. लाकडाच्या कामात या द्रव्याची खरी परीक्षा समुद्राने घेतली, आणि ते तीत उतरले.

उष्णता काय करते

उष्णतेची तीन कामे ध्यानात ठेवावीत. पहिले काम म्हणजे वेग वाढविणे. ठोकळ हिशेब असा की, तापमान १० अंशांनी वाढले की पक्के होण्यास लागणारा वेळ सुमारे निम्मा होतो. एखादी इपॉक्सी २० अंशांवर २४ तास घेत असेल तर ३० अंशांवर १२, ४० अंशांवर ६ आणि ५० अंशांवर सुमारे ३ तास घेईल. हा केवळ अंदाज आहे. डब्यावर छापलेली सूचना याहून श्रेष्ठ मानावी. हाच हिशेब उलटाही लागू पडतो. कालविलेली इपॉक्सी वापरण्यास मिळणारा अवधी उष्णतेने तितकाच घटतो. नागपूर-अकोल्याच्या वैशाखात सावलीतही ४० अंशांच्या वर पारा जातो, तेथे पुण्याच्या थंडीतला अवधी मिळेल अशी आशा धरू नये.

दुसरे काम म्हणजे पातळ करणे. गरम झालेली राळ तेलासारखी वाहते. लाकडाच्या रंध्रांत शिरण्यास हे बरे. परंतु उभ्या सांध्यातून ती गळून जाते आणि सांधा भुकेला राहतो. फेविकॉलच्या सवयीने शिकंजा करकचून आवळणाऱ्यांनी येथे विशेष सांभाळावे. इपॉक्सीला सांध्यात थोडी जाडी हवी असते. दोन्ही अंगे एकमेकांस टेकतील आणि कडेने थोडासा गोंद बाहेर येईल इतकाच दाब पुरतो.

तिसरे काम फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. साध्या हवेत पक्क्या झालेल्या अनेक इपॉक्सी सुमारे ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या रंगाच्या दाराचा पृष्ठभाग याहून अधिक तापू शकतो. मात्र तीच इपॉक्सी घट्ट झाल्यावर काही तास हळूहळू वाढविलेल्या उबेत ठेवली, तर रेणूंचे जाळे अधिक पूर्ण विणले जाते आणि पुढे ती अधिक उष्णता सोसते. म्हणजे ऊब केवळ वेळ वाचवीत नाही, तर सांध्याला उन्हाळा सोसण्याचे बळ देते. ज्या सांध्याला जन्मतः उबेची शिदोरी मिळाली, तो पुढच्या उन्हाला भीत नाही.

उष्णता काय करू शकत नाही

चुकलेले प्रमाण उष्णतेने सुधारत नाही. इपॉक्सीत राळेच्या ठराविक भागाला हार्डनरचा ठराविक भागच लागतो. अधिक घातलेल्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही. तो सांध्यात तसाच उरतो आणि सांधा मऊ करतो. नावेच्या व फायबरच्या कामात वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर राळेत थेंब वाढवून वेग वाढविता येतो, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा. इपॉक्सीत तसे करू नये. दोन्ही द्रव्ये मोजून घ्यावीत आणि भांड्याच्या कडा व तळ खरवडीत दोन-तीन मिनिटे सावकाश कालवावीत.

दुसरी गोष्ट अशी की, बाहेरून दिलेली उष्णता सांध्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. कुकरच्या दांड्याला पूर्वी लाकूड का लावीत? कारण लाकूड उष्णतेला वाट देत नाही. गरम हवेच्या यंत्राचा झोत कित्येक शे अंशांचा असतो. तो सांध्यावर धरला तर बाहेर आलेला गोंद क्षणात कडक होतो, लाकडाची कड काळवंडते, आणि इंचभर आत असलेला गोंद गारच राहतो. बाहेर पिकलेला आणि आत कच्चा असा सांधा गिऱ्हाइकाच्या हाती जातो. वर सांगितलेल्या बारा खुर्च्यांचे रहस्य याहून वेगळे नव्हते. अधिक घातलेल्या हार्डनरने आणि अपुऱ्या उबेने जो गोंद अर्धवट राहिला, त्याची परीक्षा वैशाखाने घेतली.

तिसरे, घाईने अथवा मळकट हाताने केलेली जोडणी उष्णतेने चोख होत नाही. याविषयी इतिहासातील एक मोठी साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील डी हॅविलँड कंपनीने 'मॉस्किटो' नावाचे लाकडी विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले. बर्च, स्प्रूस आणि बाल्सा या लाकडांचे ते विमान गोंदाने जोडलेले असे, आणि ते बांधण्यात खुर्च्या-मेजे करणाऱ्या कारागिरांचाही हात होता. आरंभी त्यात दुधापासून काढलेल्या केसीनचा गोंद होता, पुढे कृत्रिम गोंद आला. १९४४ च्या अखेरीस आपल्या पूर्वेकडील आघाडीवर यांपैकी काही विमाने कोसळली. येथील कडक उन्हाने आणि पावसाने गोंद खराब झाला, असा पहिला तर्क होता. तपास वाढला तेव्हा ज्या विमानांनी पावसाळा पाहिलाही नव्हता त्यांतही तेच दोष सापडले, आणि ठपका जोडणीच्या सदोष कामावर आला. हवेला आणि गोंदाला दोष देणे सोपे असते. सांधा मात्र हाताचीच साक्ष देतो.

अढी कशी घालावी

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. यासाठी महागडी भट्टी लागत नाही.

प्रथम लाकूड. ते पुरेसे वाळलेले असावे. सागवानासारख्या तेलकट लाकडाचा जोडावयाचा भाग ताजा घासून, ॲसिटोनने पुसून, पूर्ण सुकू देऊन लगेच जोडावा. ॲसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून पुसताना जवळपास दिवा, शेगडी अथवा विडी नसावी.

थंडीत राळ दाट होते, आणि कधी हिवाळ्यात मध साखरावा तशी तीही साखरते. ती फेकून देऊ नये. बंद डबा सुमारे ५० अंशांच्या पाण्यात ठेवावा. राळ पुन्हा नितळ होते. आजोबांचे पाण्याच्या भांड्यातील भांडे येथे जसेच्या तसे उपयोगी पडते. राळ निवून कोमट झाल्यावरच हार्डनर घालावा. पुष्कळ मिश्रण एका खोल भांड्यात कालवून ठेवू नये. कारण पिकताना इपॉक्सी स्वतःच उष्णता सोडते, ती बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही तर मिश्रण फेसाळते, धूर सोडते आणि प्लॅस्टिकचे भांडे वितळविते. उथळ ताटलीत पसरले म्हणजे अवधी वाढतो. याच कारणाने, ज्या मेजांत लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये इपॉक्सीची जाड धार ओततात, त्यांस बाहेरून ऊब मुळीच देऊ नये.

सांधा जुळवून शिकंजा लावल्यावर लगेच उष्णता देऊ नये. इपॉक्सी गोठू लागेपर्यंत, म्हणजे बोटाला तार सुटेनाशी होईपर्यंत, सांधा तसाच ठेवावा. नाही तर ती पातळ होऊन गळेल. मग अढी घालावी. प्लायवुडची एक पेटी करून तीत तंतूचे जुन्या पद्धतीचे ६० किंवा १०० वॉटचे दिवे लावावेत. एलईडी दिव्याचा येथे उपयोग नाही, कारण तो पुरेशी उष्णता देत नाही. दिव्याभोवती जाळी असावी आणि लाकूड, कापड किंवा भुसा त्यापासून वीतभर तरी दूर असावा. पेटीवर बाहेरून गोधडी टाकल्यास ऊब टिकते, मात्र ती दिव्याला लागता कामा नये. पेटीला भोक पाडून तापमापक आत सोडावा आणि ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान ऊब राखावी. साध्या घरगुती लाकूडकामाला एवढी पुरते. याहून फार अधिक उबेत लाकूड कोरडे पडून आकसते, वाकते, आणि पातळ पत्र्याचे काम उचलले जाते.

लाकूड हळू तापते, म्हणून वेळ मोजण्यास आरंभ केव्हा करावा हा प्रश्न उरतो. त्याला सोपी युक्ती आहे. त्याच लाकडाच्या तेवढ्याच जाडीच्या तुकड्याला मध्यापर्यंत भोक पाडून त्यात तापमापकाचे टोक बसवावे आणि तो तुकडा पेटीत शेजारी ठेवावा. तो तुकडा ४० अंशांवर आला की सांधाही आला असे समजावे आणि तेथून तास मोजावेत. ठरलेला वेळ झाल्यावर दिवे बंद करून सारे काम पेटीतच निवू द्यावे. गरम असताना शिकंजा सोडू नये, कारण त्या वेळी गोंद अजून मऊ असतो. पेटी पेटती ठेवून घरी निघून जाऊ नये, आणि जवळ वाळूची बादली असावी.

सांध्याऐवजी लाकडावर इपॉक्सीचा लेप द्यावयाचा असेल, तर क्रम बदलावा. लेप दिल्यावर लाकूड तापविले तर रंध्रांतील हवा फुगून लेपात बुडबुडे येतात. म्हणून लाकूड आधी शेकावे, उष्णता काढून घ्यावी आणि ते निवत असताना लेप द्यावा. आतील हवा आकसते आणि राळ आत ओढली जाते. धावेचा न्याय येथे हवेला लागू पडतो.

कोकणातील बंधूंना पावसाळ्याबद्दल दोन शब्द. दमट गारव्यात इपॉक्सीच्या अंगावर कधी कधी मेणचट साय धरते. तिच्यावर दुसरा थर दिला तर तो पुढे सुटतो. ती साध्या पाण्याने खरखरीत कापड घेऊन धुवावी, सुकवावी आणि मगच घासावी. अशा दिवसांत खोली गरम करण्यासाठी कोळशाची शेगडी पेटवू नये. तिच्या धुराने ही साय वाढते आणि बंद खोलीत विषारी वायूने माणसाच्या जिवावर बेतते.

शेवटी एक पथ्य. तंतुवाद्ये आणि जुनी मोलाची लाकडी वस्तू यांस इपॉक्सी लावू नये. सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा उघडता येतो, म्हणून असे काम शंभर वर्षांनीही दुरुस्त होते. इपॉक्सीही अधिक तापविल्यास मऊ पडते. तिच्यात रुतलेला स्क्रू डाक देण्याच्या गरम सळईने तापवून काढता येतो. पण सांधा स्वच्छ उघडत नाही. जेथे पुढच्या पिढीला सांधा उघडावा लागेल, तेथे सरसच थोर.

हात सांभाळा

मघाशी ज्या तरुणाची हकीकत सांगितली, त्याच्या खुर्च्यांपेक्षा मला त्याच्या हातांचे वाईट वाटते. तो उघड्या हातांनी इपॉक्सी कालवी आणि हात थिनरने धुई. काही महिन्यांनी बोटांवर चट्टे उठले, कातडी भेगाळली. आता नुसत्या वासानेही त्याला खाज सुटते आणि त्याला हे काम सोडावे लागले आहे. वैद्यकशास्त्र असे सांगते की, हार्डनर व राळ यांची अंगाला एकदा वावडे जडले की ते बहुधा जन्मभर राहते. मग अगदी थोडा स्पर्शही पुरतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हाताला लागलेच तर साबण व पाण्याने धुवावे. थिनर आणि ॲसिटोन ते द्रव्य कातडीत अधिक खोल नेतात. उष्णता दिल्यावर वाफा वाढतात, म्हणून पेटी उघडताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि तोंड दूर ठेवावे. अर्धवट पिकलेली इपॉक्सी घासू नये. तिची धूळ अपायकारक असते. पूर्ण पक्की झाल्यावरही तोंडाला पट्टी बांधूनच घासावी. सुताराचे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात, आणि ते बाजारात विकत मिळत नाहीत. घरातील भगिनींनाही माझी विनंती आहे की, घरचा माणूस किंवा मुलगा उघड्या हातांनी हे काम करीत असेल तर त्याला अवश्य अडवावे. अनेक घरी आता मुली आणि सुनाही हे काम करतात. त्यांनाही हेच सांगणे.

विनंती

२०२३ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारांसाठी प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवण्यात आले. आपल्यातील ज्यांना असे साहाय्य मिळाले असेल त्यांनी विजेचा रंधा घ्यावा, गिरमिट घ्यावे. पण त्याबरोबर एक तापमापक आणि एक लहान तराजू अवश्य घ्यावा. वाकस, पटाशी, गुण्या यांच्या शेजारी आता या दोन वस्तूंना जागा दिली पाहिजे. गुण्या काटकोन दाखवितो, तसा तापमापक मात्रा दाखवितो. डोळ्याने काटकोन ठरविणाऱ्या सुताराला आपण हसतो, मग बोटाने उष्णता ठरविणाऱ्याला का हसू नये?

तिसरी वस्तू विकत घ्यावी लागत नाही. ती म्हणजे वही. कोणती इपॉक्सी, कोणते लाकूड, किती तापमान, किती तास, आणि सहा महिन्यांनी सांध्याची स्थिती काय, एवढे पाच रकाने तीत भरावेत. प्रत्येक मोठ्या कामाआधी त्याच लाकडाच्या दोन तुकड्यांचा एक नमुना सांधा करावा आणि पूर्ण निवल्यावर तो मोडून पाहावा. सांध्याशेजारचे लाकूड तुटले तर काम पुढे न्यावे. गोंदातूनच सांधा सुटला तर कारण शोधावे. आपल्या वाडवडिलांच्या वह्या त्यांच्या हातांत होत्या. हात गेले आणि वह्याही गेल्या. सरसाची नेमकी ऊब सांगू शकणारी माणसे आता गावोगाव बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नव्या विद्येचे तसे होऊ नये.

मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या मेळाव्यात भाषणे थोडी कमी ठेवावीत, त्यात माझेही धरावे, आणि अर्धा दिवस प्रात्यक्षिकाला द्यावा. एका मेजावर वृद्ध कारागिराने सरस करून दाखवावा, शेजारच्या मेजावर तरुणाने इपॉक्सीची अढी घालून दाखवावी, आणि दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत. एकाला ऊब केव्हा थांबवावी हे कळते, दुसऱ्याला ती कशी मोजावी हे कळते. दोन्ही ज्ञाने एका हाती आली तर आपल्या सांध्यांना कोणी नाव ठेवणार नाही.

गिऱ्हाइकाला मुदत देताना पिकण्याचा वेळ धरूनच द्यावी, आणि कोणी फार घाई केली तर नम्रपणे सांगावे की, आंबा अढीतून काढण्याची वेळ आंबाच ठरवितो. चार दिवस उशिरा दिलेली खुर्ची लोक विसरतात, मोडलेली खुर्ची विसरत नाहीत.

 प्रभू विश्वकर्मा आपल्या हातांना बळ आणि बुद्धीला माप देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.